गळतं कुठे, मुरतं कुठे

चांदणी चौकातून पौड रस्त्याला लागलं की बावधन मागे पडेपर्यंत समोरून एखादा तरी टिपर येतोच. भूगाव, भुकूम, पिरंगुट या पट्ट्यात बांधकाम थांबायचं नाव घेत नाही. खडी, क्रश सँड, डबर, मुरूम, पायातून उकरलेली माती असं काही ना काही सतत वाहिलं जातं. बाहेरच्या माणसाला भूगाव ठाऊक असतं ते मानस तलावामुळे, नाहीतर २०१७ साली इथे भरलेल्या महाराष्ट्र केसरीच्या कुस्त्यांमुळे. ट्रकवाल्याच्या लेखी ते वाटेतलं ठिकाण: पुढे ताम्हिणी घाट उतरून माणगाव, मागे पुण्याचा बायपास. गाडी टाटाची असो की लेलँडची, टिपर म्हटला की लोक त्याला सरसकट ‘हायवा’ म्हणतात. हायवा ही टिपरचा जॅक बनवणारी मूळची डच कंपनी. गाडी बनवली एकाने, नाव लागलं जॅकवाल्याचं.

नवी दहा चाकी गाडी घेणं प्रत्येकाला झेपत नाही, म्हणून धंद्यात उतरणारा माणूस बहुधा जुन्या गाडीपासून सुरुवात करतो. ती घेतल्यावर पहिल्या महिन्यात दोन प्रश्न हमखास पडतात. खालून तेल टपकतंय ते कुठून? आणि इंजिनात ओतलेलं तेल जातंय कुठे? पहिल्या प्रश्नावर गॅरेजमध्ये मिळणारं ठरलेलं उत्तर म्हणजे ‘सील गेलंय, बदलून टाकू’. हे उत्तर खोटं नसतं, अर्धं असतं. सील का गेलं हे न बघता नवं ठोकून बसवलं की दोन महिन्यांत गाडी पुन्हा त्याच दारात उभी राहते, आणि मग दोष सीलच्या कंपनीवर जातो.

विकायला काढलेली गाडी धुऊन, चेसिसला काळा रंग मारून उभी केलेली असते. “टपकत वगैरे काही नाही ना?” असं विचारलं की “काय बोलता शेठ, कोरडी ठणठणीत आहे” हे ठरलेलं. कोरडी असतेच, कारण कालच धुतलेली असते. उभ्या, थंड गाडीखाली वाकून फारसं काही कळत नाही. भरलेल्या गाडीने निदान तासभर चढउतार करून यावं, मग सपाट जागी उभी करून खाली पुठ्ठे पसरावेत आणि रात्रभर तशीच ठेवावी.

सकाळी पुठ्ठ्यावरचा डाग वाचता आला पाहिजे. इंजिनाचं तेल काळं आणि पातळ. टिपरच्या जॅकचं हायड्रॉलिक तेल फिकट, त्याला फारसा वास नसतो. डिझेलचा वास कुणाला शिकवावा लागत नाही. मागच्या ॲक्सलचं तेल मात्र बोटांत धरलं तरी ओळखू येतं: जाड, चिकट आणि गंधकाचा उग्र, नाकात बसणारा वास. हात साबणाने धुतले तरी जेवताना तो वास येतो.

पण डाग जिथे पडला, त्याच्या थेट वर भोक असेलच असं नाही. धावत्या गाडीखालचा वारा तेलाला मागे ढकलतो, वजन त्याला खाली ओढतं. म्हणून ओल्या भागाच्या सगळ्यात पुढचं आणि सगळ्यात वरचं टोक शोधायचं. जुने मेस्त्री यासाठी एक साधा उपाय करतात. संशयित भाग डिझेलने धुऊन, फडक्याने लख्ख पुसून कोरडा करायचा आणि त्यावर टाल्कम पावडर किंवा खडूची भुकटी झटकायची. दहा-पंधरा किलोमीटर गाडी फिरवून आणली की पांढऱ्यावर तेलाची बारीक रेघ उमटते आणि तिचं उगमस्थान दिसतं. या एका तासाच्या कामाने पुष्कळदा नको तिथे पाना लावायचं वाचतं.

आता ज्याला सगळे नुसतं ‘हाउसिंग’ म्हणतात त्या मागच्या ॲक्सलच्या आत बघू. इंजिनाकडून आलेला लांब शाफ्ट एका लहान दात्याच्या चाकाला, म्हणजे पिनियनला, फिरवतो. पिनियन मोठ्या क्राउनला फिरवतं आणि तिथून ताकद दोन्हीकडच्या चाकांना वाटली जाते. पिनियनचा आस क्राउनच्या मध्याच्या थोडा खाली ठेवण्याची ‘हायपॉइड’ रचना १९२०च्या दशकाच्या मध्यावर अमेरिकेत मोटारींसाठी आली. तिच्यामुळे दाते मजबूत झाले, पण ते एकमेकांवर नुसते लोळेनात, घासून सरकू लागले. एवढ्या दाबाखाली साधं तेल दात्यांमधून पिळून निघून जातं. म्हणून या तेलात गंधक आणि फॉस्फरसची संयुगं घालतात. दाते तापतात त्या ठिकाणी ती संयुगं पोलादाशी रासायनिक क्रिया करून एक पातळ थर तयार करतात आणि तो थर झिजतो, दाता वाचतो. डब्यावरचं जीएल-५ म्हणजे हीच जात. तोच वास तुमच्या बोटांना लागलेला असतो. ज्या गिअरबॉक्समध्ये पितळेच्या सिंक्रोनायझर रिंगा आहेत तिथे मात्र हेच तेल सर्रास ओतू नये. गंधक पितळेला खातो, म्हणून तिथे कंपनीने सांगितलेलं, बहुधा जीएल-४ जातीचं तेल घालायचं. उरलेलं तेल वाया जाऊ नये म्हणून एकाच डब्यातून दोन्हीकडे ओतण्याची सवय महागात पडते.

गळतीची चौकशी जिथून सुरू व्हायला हवी, तो भाग इतका क्षुल्लक दिसतो की त्याच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. हाउसिंगच्या वरच्या अंगाला अंगठ्याएवढी टोपी असलेला एक लहानसा ब्रीदर असतो. हाउसिंगच्या आतली हवा बाहेर-आत करण्याची ती एकमेव वाट. सकाळी ३० अंशांवर असलेलं हाउसिंग माल भरून चढ चढल्यावर ९० अंशांच्या आसपास जातं. ब्रीदर बंद असेल तर आतल्या हवेचा दाब एवढ्यानेच सुमारे एक पंचमांश वाढतो. शिवाय तेलही फुगतं. बारा लिटर तेल साठ अंशांनी तापलं की जवळजवळ अर्ध्या लिटरने वाढतं आणि हवेची जागा आणखी कमी करतं. तेलाला थोपवणारी साधी सील जवळपास शून्य दाबासाठी बनवलेली असतात. दाब वाढला की तेल सीलच्या ओठाखालून बाहेर पडतं, तेल जाताना ओठ शाफ्टवर आणखी घट्ट दाबला जाऊन झिजतो. गळती सुरू झाल्यावर सील बदललं जातं आणि ब्रीदर तसाच राहतो.

ब्रीदर बंद का पडतो? चिखल हे एक कारण. पावसाळ्यात मुळशीच्या साइटवर गेलेल्या टिपरच्या हाउसिंगवर चिखलाची पोळीच बसलेली असते. दुसरं कारण जास्त मजेशीर आहे. विकण्यापूर्वी चेसिसला जो काळा रंग मारतात तो थेट ब्रीदरच्या टोपीवरूनही फिरतो. म्हणजे गाडी विकण्यासाठी केलेला मेकअप नव्या मालकाच्या गळतीचं कारण ठरू शकतो. टोपी बोटाने फिरत नसेल, हलत नसेल तर काढून डिझेलमध्ये धुवावी, फुंकून बघावी, नाहीतर नवी लावावी. सबंध ट्रकमध्ये याहून स्वस्त दुरुस्ती क्वचितच असेल.

बंद ब्रीदर उलट्या दिशेनेही छळतो. तापलेलं हाउसिंग ओढ्याच्या पाण्यात उतरलं की झटकन थंड होतं, आतली हवा आकसते आणि पाणी सीलच्या फटीतून आत ओढलं जातं. लेव्हलचा बोल्ट उघडल्यावर दुधाळ, चहाच्या रंगाचं तेल निघालं तर ते हेच. असं तेल ‘अजून चालेल’ म्हणून ठेवायचं नसतं. बेअरिंगना गंज चढायला थोडं पाणी पुरतं.

ब्रीदर मोकळा आहे आणि तरी पिनियनपाशी गळतंय, मग सीलकडे वळायचं. ऑइल सील म्हणजे पत्र्याच्या कड्यात बसवलेला रबराचा ओठ आणि त्या ओठाला शाफ्टवर दाबून धरणारी तारेची बारीक स्प्रिंग. ओठ शाफ्टला जिथे टेकतो ती पट्टी मिलिमीटरच्या एक-दोन दशांश रुंदीची असते. गंमत अशी की तिथे थोडं तेल असावंच लागतं. ओठ आणि शाफ्ट यांच्यामध्ये मायक्रॉनच्या घरातला तेलाचा थर टिकतो आणि रबराच्या सूक्ष्म सुरकुत्या ते तेल परत आतल्या बाजूला ढकलत राहतात. तो थर नसेल तर रबर काही मिनिटांत करपतं. कोरडं सील बसवून गाडी सुरू केली तर ते पहिल्याच फेरीत जळतं. म्हणून बसवण्यापूर्वी ओठाला तेलाचं बोट फिरवायचं.

या ओठाला काम किती पडतं याचा हिशेब करून बघण्यासारखा आहे. ट्रकचं चाक एका किलोमीटरला सुमारे ३१० वेळा फिरतं. पिनियन आणि क्राउनचं प्रमाण सहास एक धरलं तर पिनियन त्याच किलोमीटरला अठराशेहून जास्त फेऱ्या घेतं. सीलखालचा गळा ७५ मिलिमीटर व्यासाचा असेल तर ओठाखालून दर किलोमीटरला चारशे मीटरहून अधिक पोलाद घासून जातं. एक लाख किलोमीटर चाललेल्या ट्रकच्या सीलने म्हणजे पृथ्वीला प्रदक्षिणा घालण्याइतकं अंतर घासून काढलेलं असतं.

एवढ्या घासण्यात पोलाद मऊ रबराला हरवेल असं वाटतं. होतं उलटं. धुळीचे कण ओठात रुततात आणि रबराचा ओठ कानशीसारखा शाफ्टवर चालतो. शाफ्टवर गोल चर पडते. फडक्याने पुसून त्यावरून नख आडवं ओढावं: नख अडकलं तर त्या जागी कितीही महागडं नवं सील बसवा, ते गळणार. नव्या सीलचा ओठ जुन्या चरीत पडतो आणि स्प्रिंगला तिथे पकड मिळत नाही. यावर दोन मार्ग. जागा असेल तर सील एक-दोन मिलिमीटर पुढेमागे बसवायचं, म्हणजे ओठ कोऱ्या पोलादावर येतो. नाहीतर झिजलेल्या गळ्यावर स्टेनलेस स्टीलची पातळ बाही चढवायची किंवा गळ्यासकट पिनियनचा फ्लँजच नवा घालायचा. काही जण चर पॉलिश पेपरने घासून ‘गुळगुळीत’ करतात. त्याने चर जात नाही आणि पेपरच्या तिरक्या रेघा तेलाला बाहेर नेणारा स्क्रू बनतात.

ही ओठाची कल्पना रबराच्या आधी चामड्यात आली. जर्मनीतल्या वाइनहाइम गावची फ्रॉइडेनबर्ग ही चामडं कमावणारी कंपनी १९२९च्या मंदीच्या सुमारास चामड्याची सील बनवायला लागली. वॉल्टर सिमर या अभियंत्याच्या नावावरून त्यांना सिमररिंग म्हणतात. तेलाला टिकणारं कृत्रिम रबर १९३०च्या दशकात आलं आणि चामडं मागे पडलं. आपल्याकडे रॉकेलच्या स्टोव्हच्या पंपातली चामड्याची वाटी ज्यांनी तेल लावून मऊ केली आहे, त्यांना ओठ ओला का लागतो हे वेगळं सांगायला नको.

पुण्यात स्पेअर पार्ट म्हटलं की नाना पेठ. तिथे एकाच मापाचं सील तीन भावांत मिळतं. माप तेच असलं तरी रबर तेच नसतं. साधं नायट्राइल रबर साधारण शंभर अंशांपर्यंत सुखाने चालतं, त्यापुढे कडक पडतं. व्हायटॉन जातीचं दोनशेच्या आसपास तग धरतं, पण महाग. मागचा ॲक्सल सतत तापत असेल तर फरकाचे पैसे वसूल होतात. पण झिजलेल्या गळ्यावर व्हायटॉन बसवणं म्हणजे पैसे नाल्यात टाकणं.

बसवण्याची पद्धत हा वेगळाच विषय. छिन्नी आणि हातोड्याने कडेकडेने ठोकत नेलेलं सील तिरकं बसतं, पत्रा वाकतो, स्प्रिंग निसटून आत पडते. सीलच्या बाहेरच्या कडेच्या मापाची रिंग किंवा पाइपचा तुकडा टेकवून सरळ दाबायचं. शाफ्टच्या आट्यांवरून नेताना त्यांवर टेप गुंडाळायची, नाहीतर ओठाला सूक्ष्म काप जातो आणि तो डोळ्यांना दिसत नाही. पिनियनचा नट उघडण्यापूर्वी त्याच्या आणि शाफ्टच्या जागेची खूण मारून ठेवायची, कारण त्याच नटाच्या आवळण्यावर आतल्या बेअरिंगचा ताण ठरतो. हवेच्या गनने ‘फुल्ल टाइट’ केलेला नट बेअरिंग जाळू शकतो. आणि नट उघडण्याआधीच फ्लँज वर-खाली हलवून बघा. पिनियन डुगडुगत असेल, किंवा जॉइंटचे क्रॉस सैल असल्याने शाफ्ट थरथरत असेल, तर ओठ त्या थरथरीमागे धावू शकत नाही. तिथे रोग बेअरिंगचा आहे आणि ताप सीलला आलाय.

चाकाकडची गळती पिनियनच्या गळतीपेक्षा किती तरी गंभीर. पिनियनचं तेल रस्त्यावर पडतं, चाकाकडचं ब्रेकवर. आपल्याकडच्या बऱ्याच ट्रकच्या हबमध्ये बेअरिंगला ग्रीस भरलेलं असतं आणि हाउसिंगमधलं तेल हबमध्ये येऊ नये म्हणून वेगळं सील असतं. ते गेलं की ग्रीसहून पातळ असलेलं तेल नळीतून हबमध्ये उतरतं, ग्रीस धुऊन काढतं आणि दोन्हींचा रबडा ड्रमच्या आत ब्रेकच्या लायनरवर येतो. बाहेरची खूण म्हणजे टायरच्या आतल्या बाजूला पसरलेला काळा ओला डाग आणि त्यावर चिकटलेली धूळ. ड्रायव्हरला ते आधी वेगळ्या रूपात कळतं: ब्रेक दाबला की गाडी एका बाजूला ओढते.

पुण्याच्या परिसरात याचा अर्थ काय होतो ते सांगायची गरज नाही. ताम्हिणीचा उतार आहे, आणि कात्रजच्या नव्या बोगद्याकडून नवले पुलाकडे येणारा लांब उतार आहे, जिथे २० नोव्हेंबर २०२२च्या रात्री एका अवजड वाहनाच्या अपघातात चाळीसच्या वर वाहनांचं नुकसान झालं. त्या अपघाताची कारणमीमांसा इथे करायची नाही. पण अशा उतारावर भरल्या टिपरला चारही बाजूंनी सारखा ब्रेक लागणं किती गरजेचं असतं, एवढं लक्षात घेतलं तरी पुरे. तेल प्यायलेलं लायनर पेट्रोलने धुऊन किंवा शेगडीवर भाजून पुन्हा बसवण्याची प्रथा आहे. वर कोरडं दिसलं तरी आत मुरलेलं तेल गरम होताच परत येतं. असं लायनर बदलायचंच, आणि एका चाकाचं बदललं तर त्याच ॲक्सलच्या दुसऱ्या चाकाचंही, नाहीतर ओढ तशीच राहते.

हबचं सील एका वर्षात दोनदा गेलं तर बेअरिंगची ढिलाई बघा. जॅकवर उचलून चाक वर-खाली हलवलं आणि हाताला टकटक जाणवली, तर सील बदलणं व्यर्थ आहे. हबचा नट ड्रम फिरवत फिरवत आवळायचा, बेअरिंग बसलं की ठरल्याप्रमाणे किंचित मागे घ्यायचा. राहणारी ढिलाई मिलिमीटरच्या दशांशाच्या आसपास, खरं तर त्याच्या आतच असावी लागते. हाताच्या अंदाजाने हे साधणारे मेस्त्री आहेत, पण डायल गेजला अंदाजाची गरज नसते.

आता भार. जुन्या टाटा टिपरच्या अंगावरचा २५१८ हा आकडा वाचायला सोपा आहे: एकूण वजन २५ टन, इंजिन १८० हॉर्सपॉवर. जुलै २०१८मध्ये केंद्र सरकारने तीन ॲक्सलच्या ट्रकची मर्यादा २५वरून साडेअठ्ठावीस टनांवर नेली आणि पुढे नव्या गाड्यांवर २८ने सुरू होणारे आकडे दिसू लागले. खडीचा हिशेब मात्र अजून ब्रासमध्ये चालतो. शंभर घनफुटांचा एक ब्रास, खडीचं वजन चार टनांच्या थोडं वर. रिकामी गाडीच दहा-अकरा टनांची, म्हणजे २५ टनांच्या गाडीत कायद्याने साडेतीन ब्रासच्या आतच माल बसतो. त्यापुढे गेलात तर २०१९च्या दुरुस्तीनंतर वीस हजार दंड आणि जादा प्रत्येक टनाला दोन हजार. दंड चुकवता येतो, पण हाउसिंग कुणाला सोडत नाही. जादा भाराने ते दर खड्ड्याला थोडं वाकतं. वाकलं की चाकाकडचा शाफ्ट सीलच्या मध्यातून सरकतो, क्राउन-पिनियन बसवलेल्या मधल्या गोळ्याच्या जॉइंटचं पॅकिंग कुरतडलं जातं, बोल्ट ढिले होतात. पॅकिंगच्या जागी सिलिकॉनची बोटभर जाड वेल ओढण्याची फॅशन आहे. बाहेर आलेली वेल छान दिसते, पण तेवढीच आतही गेलेली असते आणि सुटून तेलात फिरते. दोन्ही पृष्ठभाग स्वच्छ, कोरडे आणि पातळ एकसलग थर, एवढंच पुरतं. हाउसिंगला चीर असेल तर बाहेरून वेल्डिंगची पट्टी मारून गळती थांबेल, वाक थांबणार नाही.

लेव्हलबद्दल एक गोष्ट. बाजूच्या भोकातून बोट घातलं आणि तेल लागलं म्हणजे लेव्हल बरोबर, असा समज आहे. गाडी सपाटीवर असताना तेल भोकाच्या खालच्या कडेला टेकलं पाहिजे. बोटाच्या पेराइतकं खाली असेल तर ते कमी आहे. वर भरणंही वाईट, कारण क्राउन जादा तेल घुसळतो, फेस होतो, तापमान वाढतं आणि दाब सीलवर येतो.

टपकणाऱ्या तेलाचं काय होतं, हेही भूगावात उभं राहून बघण्यासारखं आहे. पुण्यातली रामनदी याच भागात, खाटपेवाडीच्या बाजूला उगम पावते आणि बावधन, पाषाणमार्गे मुळेला मिळते. रस्त्यावरचं, गॅरेजच्या मातीतलं तेल पहिल्या पावसात तिच्याकडेच निघतं. त्याआधी ते रस्त्यावर पातळ थर होऊन पसरतं आणि जूनच्या पहिल्या सरीला दुचाकीवाल्यांना आडवं करतं. काढलेलं काळं तेल घातक कचऱ्याच्या २०१६च्या नियमांखाली येतं. ते परवानाधारक पुनर्प्रक्रियेवाल्यालाच द्यायचं असतं. शटरिंगच्या फळ्यांना फासायला किंवा भट्टीत जाळायला ते विकलं जातं हे सगळ्यांना माहीत आहे.

आता इंजिन. तेल खाल्लं जातंय की नाही हे आधी मोजायचं, आणि मोजण्याआधी डिपस्टिक त्याच इंजिनाची आहे का बघायचं. जुन्या गाड्यांत ती सर्रास दुसऱ्याच इंजिनाची निघते. सगळं तेल काढून, कंपनीने सांगितलेलं मोजून भरून, स्टिकवर कुठपर्यंत येतं ते पाहिलं की शंका मिटते. मग वहीत डिझेलच्या शेजारी तेल लिहायचं. धडधाकट मोठं डिझेल इंजिन हजार लिटर डिझेलमागे एक-दोन लिटर तेल घेतं. तो आजार नव्हे, पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडरचे लायनर ओले राहण्याची किंमत आहे. लिटरला तीन-साडेतीन किलोमीटर देणारा टिपर महिन्याला तीन हजार किलोमीटर चालला तर हजार लिटर डिझेल म्हणजे जवळपास महिन्याचंच झालं. हजाराला पाच लिटरच्या वर जाऊ लागलं की शोध सुरू करायचा. तेल घटण्याऐवजी वाढत असेल किंवा अजिबातच घटत नसेल आणि त्याला डिझेलचा वास येत असेल, तर खूश होऊ नका. डिझेल गळून तेलात येतंय आणि ते पातळ तेल बेअरिंग खाणार.

तेल जायच्या वाटा अनेक, आणि ‘रिंगा गेल्या’ ही त्यातली सगळ्यात महाग वाट असल्याने ती शेवटी तपासायची. बाहेरची गळती आधी: टॅपेट कव्हर, चेंबरचं पॅकिंग, क्रँकची पुढची-मागची सील. मागचं सील गळत असेल तर तेल फ्लायव्हील हाउसिंगच्या खालच्या भोकातून येतं. मग ब्रेकच्या हवेची टाकी. तिच्या तळाचा ड्रेन ओढला की थोडं पाणी येणं साहजिक आहे, काळं तेल येत असेल तर एअर कॉम्प्रेसरच्या रिंगा झिजल्यात. हा कॉम्प्रेसर इंजिनाचंच तेल वापरतो आणि मालक इंजिन उघडायला निघतो, पण तेल गुपचूप ब्रेकच्या नळ्यांत जात असतं आणि तिथल्या रबराचे पडदे फुगवत असतं. त्यानंतर टर्बोचे पाइप. आत थोडा तेलाचा ओशटपणा असतो, पण तळाशी तेल साचलं असेल तर आधी एअर फिल्टर आणि टर्बोच्या तेलाची परतीची नळी बघा. फिल्टर तुंबला की टर्बो स्वतःच्याच सीलमधून तेल ओढून घेतो. परतीची नळी चोंदली की ते तिथून ढकललं जातं. अशा इंजिनाला नवा टर्बो लावला तर तोही तेल टाकणार.

धूर वाचायचा तो रंगाने आणि वेळेने. काळा धूर डिझेलचा, तेलाचा नव्हे. निळा धूर फक्त सकाळी पहिल्या स्टार्टला आणि मग बंद, तर व्हॉल्व्हच्या गाइडवरून रात्रभर तेल उतरलेलं. चढावर, भार असताना निळा राहिला तर रिंगांकडे बोट जातं. ऑइल भरायचं झाकण उघडून, उलटं करून तोंडावर ठेवलं आणि ते नाचायला लागलं की मेस्त्री म्हणतो, “बॅक कॉम्प्रेशन मारतंय, शेठ.” पण इथेही पहिल्यांदा ब्रीदरच. क्रँककेसचा श्वास बाहेर नेणारी नळी काजळीने बंद झाली असेल तर धडधाकट इंजिनही असंच वागतं आणि सगळ्या सीलमधून तेल टाकतं. पाच मिनिटांत ती काढून बघता येते.

रिंगा खरंच गेल्या असतील तर कशाने गेल्या? या पट्ट्यातल्या गाड्यांबाबत माझा पहिला संशय धुळीवर. फिल्टर आणि टर्बो यांच्यातला रबरी पाइप फाटलेला किंवा क्लँप ढिला असतो आणि क्रशरवरची काळ्या दगडाची धूळ फिल्टर न लागता थेट सिलिंडरमध्ये जाते. फिल्टरच्या पुढच्या पाइपमध्ये पांढरं फडकं फिरवून बघा. करडं आलं तर इंजिन उघडण्याआधी तो पाइप बदला, नाहीतर नव्या रिंगाही काही महिन्यांत त्याच वाटेने जातील. घट्ट तेल किंवा ‘धूर बंद’ करणारी बाटली हा गाडी विकणाऱ्याचा इलाज आहे, चालवणाऱ्याचा नाही.

जुन्या टाटा गाड्यांमध्ये मोठ्या संख्येने दिसणारं कमिन्सचं ५.९ लिटरचं सहा सिलिंडरी इंजिन उघडलं तर एक गोष्ट आधी ठरवावी लागते. त्यात वेगळे लायनर नसतात, पिस्टन थेट ब्लॉकमध्येच वर-खाली होतात. त्यामुळे झीज जास्त असेल तर ब्लॉक बोअर करून अर्ध्या किंवा एक मिलिमीटरने मोठे पिस्टन घालायचे, नाहीतर स्लीव्ह बसवायची. जुन्या बोअरमध्ये नुसत्या नव्या रिंगा घातल्या की खर्च वाचतो आणि तेल खाणं फार तर थोड्या काळासाठी कमी होतं. बोअरला होनिंगच्या तिरक्या, एकमेकींना छेदणाऱ्या रेघा हव्यात. त्या रेघांत तेल थांबतं आणि रिंगा बसतात. काम झाल्यावर ‘नवं इंजिन आहे, जपून’ म्हणून तासन्‌तास आयडलिंगवर सोडू नये. भाराशिवाय चाललेल्या इंजिनात बोअरला चकाकी येते आणि रिंगा कधीच नीट बसत नाहीत. निम्मा-पाऊण माल भरून, वेग बदलता ठेवून, पौड-पिरंगुटच्या चढउतारावर ते चालवावं. पहिल्या दोन-तीन हजार किलोमीटरला तेल थोडं जास्तच जाणार. खाणं स्थिरावलं की वहीतला हजार लिटरमागचा आकडा नव्याने मांडायचा आणि पहिलं ऑइल बदलताना फिल्टर कापून आत चमकणारा चुरा आहे का ते बघायचं.